बुडाल्यानंतर काय?

या बिटकॉइनच्या लेखमालेत आज मायनिंगबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण खासगी किल्लीचा भाग वाचून अकोल्याच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न मला आधी घ्यायचाच आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांचा विमा असतो, तसा बिटकॉइनला असतो का? आणि बँकेच्या त्या विम्याचा हप्ता भरतं कोण? आपण तर कधी भरला नाही!

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आवडीचं आहे आणि त्याचं एक टोक थेट अकोल्यातच आहे.

१९६० साली देशातल्या दोन शेड्यूल्ड बँका बुडाल्या. एक केरळातली पालाई सेंट्रल बँक आणि दुसरी अकोल्याची लक्ष्मी बँक. बँका बुडण्याची तेव्हाच्या लोकांना सवय होती. १९४८ च्या सुमारास बंगालमध्ये अनेक बँका कोसळल्या, तेव्हापासून ठेवींचा विमा असावा अशी चर्चा होती. १९५४ मध्ये श्रॉफ समितीनं तशी शिफारसही केली. पण शिफारस कागदावरच राहिली. शेड्यूल्ड बँक म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतली बँक, ती कशी बुडेल, असा लोकांचा समज होता. पालाई आणि लक्ष्मी या दोघींनी तो समज मोडला, तेव्हा कुठे दिल्लीत हालचाल झाली. १९६१ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ कामाला लागलं. असा विमा आणणारा भारत हा अमेरिकेनंतरचा दुसरा देश मानला जातो.

सुरुवातीला विमा होता माणशी १,५०० रुपयांचा. हप्ता होता शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला ५ पैसे, आणि तो बँकेनं स्वतःच्या खिशातून भरायचा, ठेवीदाराकडून वसूल करायचा नाही. म्हणून तर आपल्याला तो भरल्याचं आठवत नाही. २०२० मध्ये हाच हप्ता १२ पैशांवर गेला. विम्याची रक्कम टप्प्याटप्प्यानं वाढत १९९३ मध्ये एक लाख झाली आणि तिथेच सत्तावीस वर्षं अडकून पडली. त्या काळात महागाई कुठच्या कुठे गेली. शेवटी ४ फेब्रुवारी २०२० रोजी ती पाच लाख झाली.

ती तेव्हाच का झाली, हे मुंबईकरांना सांगायला नको. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. पहिल्या आदेशात सहा महिन्यांत मिळून फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती! आयुष्याची पुंजी त्या बँकेत ठेवलेली माणसं रस्त्यावर उतरली. एकाच बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जं हजारो बनावट खात्यांआड लपवली होती, असं पुढे बाहेर आलं. या धक्क्यातून दोन गोष्टी निघाल्या. विमा पाच लाखांचा झाला. आणि बँकेवर निर्बंध आले की विम्याचे पैसे ९० दिवसांत मिळावेत अशी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. त्याआधी बँकेचा परवाना जाऊन ती अवसायनात निघेपर्यंत ठेवीदार वाट बघत बसायचा, आणि त्यात वर्षं जायची.

आणखी एक धागा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पालाईनंतर, १९६० मध्येच, बँकिंग कायद्याच्या कलम ४५ मध्ये बदल झाला आणि डबघाईला आलेली बँक दुसऱ्या बँकेत विलीन करण्याची योजना आखायचा अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाला. सहकारी बँकांना हे कलम लागू व्हायला २०२० उजाडलं. त्याच कलमाखाली जानेवारी २०२२ मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतचे पैसे विम्यातून मिळाले, पण ज्यांची ठेव मोठी होती त्यांच्या उरलेल्या रकमेची परतफेड दहा वर्षांवर पसरली. हा न्याय अपुराच आहे, आणि निवृत्त माणसासाठी तर क्रूर आहे. तरी तो न्याय आहे. आपला बँकेवरचा विश्वास हा बँकवाल्याच्या सचोटीवरचा विश्वास नसतो. आधी बुडालेल्या बँकांच्या ठेवीदारांनी मोजलेल्या किमतीतून जे कायदे झाले, त्यांच्यावरचा तो विश्वास असतो.

आता पहिला प्रश्न. बिटकॉइनला विमा नाही. आणि मुळात त्याची रचनाच अशी की विम्याची गरज पडू नये. खासगी किल्ली, म्हणजे ते खर्च करू देणारा गुप्त आकडा, तुमच्या हातात असेल तर मध्ये बँकच नाही, मग बुडणार कोण? मार्च २०१३ मध्ये सायप्रसमधल्या बँका जवळपास दोन आठवडे बंद राहिल्या आणि तिथल्या दोन सर्वांत मोठ्या बँकांत एक लाख युरोच्या वर ठेव असलेल्यांना जबर तोटा सोसावा लागला. एक हजार रुपयांच्या मर्यादेत अडकलेल्या पीएमसीच्या ठेवीदाराला ही व्यथा नीट कळेल. स्वतःच्या किल्लीनं बिटकॉइन सांभाळणाऱ्याला असं कुणी अडवू शकत नाही. हे बळ खरं आहे, आणि ज्यांना ते दिसत नाही त्यांनी बँकेच्या बंद दारासमोर उभं राहिलेल्या माणसाशी एकदा बोलावं.

पण किती जण स्वतः किल्ली सांभाळतात? बहुतेकांचं बिटकॉइन खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या, म्हणजे एक्स्चेंजच्या, अ‍ॅपवर असतं. अ‍ॅपमध्ये दिसणारा आकडा म्हणजे ब्लॉकचेनवरची, बिटकॉइनच्या सार्वजनिक वहीतली, नोंद नव्हे, ती त्या कंपनीच्या वहीतली नोंद. म्हणजे पुन्हा पासबुकच, फक्त त्याच्यामागे विमा महामंडळ नाही, कलम ४५ नाही. टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजनं फेब्रुवारी २०१४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि ग्राहकांना त्यांची नाणी परत मिळू लागली जुलै २०२४ मध्ये. त्याच जुलैमध्ये आपल्याकडच्या वझीरएक्स या एक्स्चेंजवरून सुमारे २,००० कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. भारतातल्या लाखो ग्राहकांचा निवाडा झाला सिंगापूरच्या न्यायालयात, आणि खाती एक वर्षाहून जास्त काळ गोठलेली राहिली.

इथे एक गैरसमज मला फार छळतो. २०२२ पासून सरकार क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर घेतं, २०२३ पासून एक्स्चेंजना काळ्या पैशाविरुद्धचा कायदा लागू आहे, म्हणजे सरकार पाठीशी आहे, असं शिकलेली माणसंही म्हणतात. कर घेणं म्हणजे हमी देणं नव्हे. नफ्यावर कर बसतो, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजासुद्धा करता येत नाही. हमीचं तर नावच नको.

तेव्हा माझं मत असं : बिटकॉइन घ्यायचंच असेल तर किल्ली सांभाळायला शिका, आणि ते जमणार नसेल तर घेऊ नका. एक्स्चेंजवर कायमचं ठेवलेलं बिटकॉइन हा दोन्हीकडचा धोका आहे. बँकेचा मधला माणूस आला, बँकेचं संरक्षण मात्र आलं नाही.

आणि ज्यांना बिटकॉइनशी काही देणंघेणं नाही, त्यांनी आज एवढं करावं. घरातली सगळी पासबुकं काढून संस्थांची नावं वाचावीत. सहकारी बँकेतल्या ठेवीला विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. पाच लाखांची मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून आहे, आणि एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांत तुमच्या नावावर असलेल्या ठेवी त्यात एकत्र धरल्या जातात. विमा असलेल्या बँकांची यादी महामंडळाच्या संकेतस्थळावर आहे.