सप्लाय चेनमधल्या बायका : बुटीबोरीत ऐकू येणारे गैरसमज

नागपूरहून वर्धा रोडनं तीसेक किलोमीटर गेलं की बुटीबोरीची एमआयडीसी लागते. आशियातली सगळ्यात मोठी औद्योगिक वसाहत, असं इथला चहावालाही छातीठोक सांगतो. तो दावा तपासायचं काम दुसऱ्या कोणी करावं. इंडोरामाचा पॉलिस्टर धागा, सीएटचे टायर, केईसीचे वीजवाहिन्यांचे मनोरे हा सगळा माल इथून बाहेर पडतो. न्हावाशेवाचं बंदर मात्र आठशे-साडेआठशे किलोमीटरवर. रबर केरळसारख्या लांबच्या मुलखातून आणायचं, धाग्याची रसायनं परप्रांतातून आणायची आणि तयार माल वेळेत जहाजाला लावायचा. इथला कारखाना मशिनींइतकाच या हिशेबावर चालतो. हा हिशेब सांभाळणाऱ्या खुर्चीवर बाई बसली, की काही वाक्यं हमखास कानावर पडतात.

गैरसमज : हे ट्रकचं, गोदामाचं, हमालीचं काम. बाईमाणसाचं नाही.

हमाली हमाल करतात आणि ट्रक ड्रायव्हर चालवतो. सप्लाय चेनचा पुरुष मॅनेजरही कधी पोतं उचलत नाही, तरी त्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. महिनाअखेरीच्या संध्याकाळी एखाद्या डिस्पॅचच्या खिडकीपाशी उभं राहून पाहावं. गेटबाहेर गाड्यांची रांग. एक गाडी काट्यावरून आलेली, पण तिचं वजन आणि इन्व्हॉइसमधलं वजन जुळत नाही. दुसरीचा ड्रायव्हर "मॅडम, दुपारपासून उभा आहो, होल्टिंग लागन" म्हणून खिडकीत वाकलेला. तिसरी गाडी ट्रान्सपोर्टरनं ऐन वेळी बदलून पाठवलेली, म्हणजे मालवाहतुकीच्या ई-वे बिलात गाडी नंबर नव्यानं भरणं आलं. या बिलाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत असते, म्हणजे न्हावाशेवापर्यंत पाच दिवस. गाडी वाटेत बंद पडली आणि मुदत सरत आली, तर ती वाढवून घ्यायला संपण्याआधीचे आणि नंतरचे आठ-आठ तास मिळतात. ते हुकले आणि तपासणीत गाडी धरली गेली, तर दंड कराच्या दुप्पट होऊ शकतो. आणि या सगळ्यात बंदराचं गेट जहाजासाठी कधी बंद होणार, ते घड्याळ वेगळंच चालू असतं.

आता कोणती गाडी आधी सोडायची? निर्यातीची, की ज्या ग्राहकाची लाइन उद्या थांबेल त्याची? वजनाचा फरक पुन्हा मोजायचा, की अर्धी गाडी उतरवायची? या निर्णयांना खांद्याचा जोर लागत नाही. मालाची माहिती लागते, आणि निर्णय घ्यायचा अधिकार लागतो. हा दुसरा शब्द लक्षात ठेवा.

गैरसमज : कारखान्यात बाईला रात्रपाळी कायद्यानंच बंद आहे.

एके काळी होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ६६ प्रमाणे कारखान्यात स्त्रियांच्या कामाची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात. राज्य सरकारला सवलत देता येई, पण रात्री दहा ते पहाटे पाच हा पट्टा बंदच. मद्रास उच्च न्यायालयानं २००० साली ही बंदी घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली. कारखान्याबाहेरची गोदामं आणि कार्यालयं यांना लागू होणाऱ्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं रात्री साडेनऊनंतरचं काम संमती आणि संरक्षण या अटींवर मान्य केलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांमध्येही तेच सूत्र आहे : बाईची संमती, आणि सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची.

म्हणजे कायदा आडवा येत नाही. आडवी येते ती बस. पहिल्या पाळीची कंपनीची गाडी मिळते. डिस्पॅचचं काम मात्र पाळी पाहून संपत नाही. शेवटची गाडी गेटबाहेर पडायला रात्रीचे साडेदहा वाजले, तर नागपुरात मानेवाड्याला किंवा मेडिकल चौकात राहणाऱ्या मुलीनं परत कसं जायचं, याचं उत्तर ठरलेलं नसतं. मग साहेब भलेपणानं म्हणतात, "मॅडम, तुम्ही प्लॅनिंगला बसा, गेट आम्ही पाहतो." या एका भल्या वाक्यानं बायकांच्या जितक्या बढत्या अडल्या असतील, तितक्या उघड विरोधानंही अडल्या नसतील, असं माझं मत आहे. पाच-सात वर्षांनी डेप्युटी मॅनेजरची जागा निघते, तेव्हा विचारलं जातं : ऑपरेशन्सचा अनुभव आहे का? तिच्याकडे एक्सेल शीट असतात, गेट नसतं.

गैरसमज : ट्रान्सपोर्टर बाईचं ऐकत नाहीत.

ट्रान्सपोर्टर भाडं वेळेत देणाऱ्याचं आणि गाडी फुकट उभी न ठेवणाऱ्याचं ऐकतात. पहिले दोन महिने जातात, मग त्यांनाही फरक पडत नाही.

गैरसमज : बायका घर चालवतात, म्हणून सप्लाय चेन त्यांना उपजतच येते.

हा गैरसमज कौतुकाच्या वेशात येतो, म्हणून जास्त घातक. ८ मार्चच्या भाषणात हमखास असतो : डब्यातली डाळ संपायच्या आत आणणारी गृहिणी हीच खरी इन्व्हेंटरी मॅनेजर! टाळ्या पडतात. पण ज्या कौशल्याला उपजत म्हटलं, त्याला प्रशिक्षण कशाला आणि पगार तरी वेगळा कशाला, असा पुढचा हिशेब सरळ होतो.

लिज्जतकडेही लोक याच नजरेनं पाहतात. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उधार घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्यामागची यंत्रणा फारशी सांगितली जात नाही. कच्चा माल केंद्रीय पद्धतीनं खरेदी करायचा, म्हणजे चव शाखेगणिक बदलत नाही. पीठ शाखेतच मळायचं, मोजून बहिणींना द्यायचं. त्यांनी घरी लाटून दुसऱ्या दिवशी पापड परत आणायचे, तिथं ते तपासायचे, वजन करायचं, लाटणावळ चुकती करायची. उत्पादन हजारो घरांत विखुरलेलं, आणि दर्जाची तपासणी एका दारात. संस्थेच्या सभासद फक्त स्त्रिया, संचालन त्यांच्याच हाती. सहा दशकांहून जास्त काळ हे चाललं ते स्वयंपाकघराच्या पुण्याईवर नाही. त्याला नियम आहेत, नोंदी आहेत आणि वाईट पापड परत करायची शिस्त आहे. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या शिस्तीचा धडा व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवावा. महिला दिनाच्या भाषणात नुसता ओवाळू नये.

गैरसमज : या वाटेनं वरपर्यंत जाता येत नाही.

मेरी बारा जनरल मोटर्सच्या प्रमुख झाल्या २०१४ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्याकडे प्रॉडक्ट डेव्हलपमेंटबरोबर जगभरची खरेदी आणि सप्लाय चेन होती. आपल्याकडे सप्टेंबर २०२३ मध्ये जया वर्मा सिन्हा रेल्वे बोर्डाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्या आल्या रेल्वेच्या ट्रॅफिक सेवेतून, म्हणजे गाड्या आणि माल हलवणाऱ्या खात्यातून. पण दोन नावांनी शिडी सिद्ध होत नाही, हेही खरं. गार्टनरच्या २०२३ च्या सर्वेक्षणात सप्लाय चेनच्या नोकरवर्गात स्त्रिया ४१ टक्के होत्या, आणि सर्वोच्च पदांवर २६ टक्के. पाहणी मुख्यतः पाश्चात्य कंपन्यांची. बुटीबोरीत शॉपफ्लोअरवरचे चेहरे पाहिले, तर आपण त्या पहिल्या आकड्याजवळही आहोत असं वाटत नाही.

गैरसमज : आता समृद्धी झाला, हब येतंय, बायकांना संधी आपोआप मिळेल.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि नागपूर ते आमणे असा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. राज्याच्या २०२४ च्या लॉजिस्टिक धोरणात नागपूर-वर्धा पट्ट्यात मोठं हब धरलेलं आहे. शेजारी मिहानमध्ये आयआयएम आहे, तिथून मुली बाहेर पडतात. गोदामं वाढतील, नोकऱ्या वाढतील, यात शंका नाही. पण रस्त्यानं माल लवकर पोचतो. खुर्च्या तशा हलत नाहीत. नव्या गोदामातही स्वागतकक्षात आणि बिलिंगला बायका, डॉकवर आणि गेटवर पुरुष, अशीच बसवणूक झाली, तर वीस वर्षांनी हेच सगळं हबबद्दल लिहावं लागेल.

म्हणून बुटीबोरीत मुलाखतीला जाणाऱ्या मुलींना एवढंच सांगणं आहे. पगाराचा आकडा विचारालच. त्याच्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा. गेटपासवर सही करायचा अधिकार या पदाला आहे का? आणि रात्री उशिरा काम संपलं तर घरी सोडायची गाडी नेमणूकपत्रात लिहून द्याल का? दोन्हीला "पुढे पाहू" असं उत्तर आलं, तर दुसरी कंपनी पाहा. वसाहत मोठी आहे.