घरच्या चित्रांची कोठी

आषाढी एकादशीस पिंप्राळ्याचा रथ निघतो, तेव्हां एकाच घरांतल्या चौघांच्या मोबाइलांत तोच रथ चार वेळां टिपला जातो. वर्ष सरतां सरतां त्यांतील एक मोबाइल विकला जातो, दुसरा फुटतो, तिसऱ्यांत जागा उरत नाहीं म्हणून जुनें तेवढें पुसलें जातें. आणि रथापुढें हात जोडून उभ्या असलेल्या आजीचा फोटो नेमका कोणापाशीं होता, हें मग कोणासच सांगतां येत नाहीं. अशा कुटुंबाच्या उपयोगी पडणारें एक उपकरण आहे. बाजारांत त्यास 'नॅस' म्हणतात. हार्डडिस्क बसविलेली ही लहानशी पेटी तारेनें राउटरला जोडली, कीं घरांतील सर्वांना आपापल्या मोबाइलवर, संगणकावर किंवा टीव्हीवर तिच्यांतील फोटो, गाणीं व चित्रफिती पाहतां-ऐकतां येतात. धान्याची जशी कोठी, तशी ही चित्रांची.

निवड करतांना पहिला प्रश्न आकाराचा. एक फोटो ४ मेगाबाइटांचा धरला, तर १ टेराबाइटांत अडीच लाख फोटो मावतात. तेव्हां फोटोंची चिंता नको. जागा खातात त्या चित्रफिती. मोबाइलवरील फोर-के चित्रण तासाला १० ते २० गिगाबाइट सहज घेतें. तरीही लग्नकार्यें व बारशीं धरून बहुतेक घरांस ४ टेराबाइट पुष्कळ वर्षें पुरतील. दुकानदार चार कप्प्यांची पेटी आग्रहानें दाखवील. दोन कप्प्यांची पुरे. पेटी व राउटर दोन्ही गिगाबिट जोडणीचे मात्र असावेत.

दोन कप्प्यांतील दोन डिस्कांवर एकच मजकूर उतरविण्याची सोय असते. एक बिघडली तरी दुसरीवर काम चालतें. पुष्कळांची फसगत होते ती येथेंच. नातवानें चुकून एखादें फोल्डर पुसलें, तर तें दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणीं जातें. चोर पेटी उचलतो ती दोन्ही डिस्कांसकट. एप्रिल २०२१ मध्यें इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांत 'क्यूलॉकर' नांवाचा घातक प्रोग्रॅम शिरला आणि फाइली कुलुपांत घालून त्यानें मालकांकडे खंडणी मागितली. जुळ्या डिस्का तेथें काय कामाच्या? परगांवाहूनही फोटो पाहतां यावेत म्हणून पेटीचें दार साऱ्या जगास उघडें ठेवण्याची हौस आवरलेली बरी.

खानदेशांत याहून जवळचा शत्रु म्हणजे ऊन. सिनॉलॉजीसारखी कंपनी आपल्या घरगुती पेट्यांसाठीं भोंवतालची हवा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच मान्य करते. जळगांवचा पारा मे महिन्यांत ४५ च्या आसपास जातो. तैवानांत बसून लिहिलेल्या त्या आंकड्याकडे पिंप्राळ्यांतील गिऱ्हाइकानें किंमतीच्याही आधीं पाहावें. तापलेल्या स्लॅबखालच्या वरच्या खोलींत किंवा टीव्हीखालच्या बंद कपाटांत पेटी ठेवूं नये. तळमजल्यावरची मधली, मोकळी खोली चांगली. कूलरच्या दमट झोतासमोरही ती नको. ठरल्या वेळीं आपोआप बंद व चालू होण्याची सोय अनेक पेट्यांत असते. उन्हाळ्यांत भर दुपारीं तिला विश्रांति द्यावी. वीज अचानक गेल्यास अर्धवट लिहिलेला मजकूर बिघडतो, यास्तव लहानसा यूपीएस घ्यावा. यूएसबी तारेनें पेटीस जोडलेला यूपीएस वीज गेल्याचें तिला कळवितो, व ती काम आवरून नीट बंद होते.

राहिली तिसरी प्रत, आणि ती घराबाहेरच हवी. दोन साध्या बाहेरच्या हार्डडिस्का घ्याव्या. एक घरीं भरावी. दुसरी धुळ्यास दिलेल्या लेकीकडे असावी. ती आखाजीस माहेरीं येतांना आपली घेऊन येते, व परत जातांना नवी भरलेली नेते. अदलाबदल करण्यापूर्वीं भरलेल्या डिस्कमधील चार-दोन फाइली खरोखर उघडतात कीं नाहीं, हें पाहून घ्यावें.