अवजारांबद्दलचे खरे समाधान

केंद्र सरकारने जानेवारी 2022 मध्ये कृषी विद्यापीठांना ड्रोनखरेदीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत पूर्ण अनुदान देऊ केले. ड्रोनला माझा विरोध नाही. पण तेव्हापासून कृषी पदवीच्या शिक्षणात विळा, कोळपे, झेला यांचे नाव काढणेही मागासपणाचे ठरू लागले आहे, ते मनाला लागते. लोखंडी नांगराचा आरंभकाळ आणि 1968 ते 1972 या काळातली महाराष्ट्रातल्या चार कृषी विद्यापीठांची उभारणी यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. 1990च्या दशकावर मात्र कुणी थांबत नाही. त्या दशकात रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग लागवडीने कोकणात आंबा वाढला आणि दापोलीच्या विद्यापीठाच्या नूतन झेल्याला, म्हणजे आंबा उतरवायच्या अवजाराला, बागा मिळाल्या. झेल्याने आंबा देठासकट उतरतो, त्यामुळे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. ‘वैभव’ या सुधारित विळ्याच्या दातेरी पात्याला वरचेवर धार लावावी लागत नाही. कृषी पदवीच्या ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहणाऱ्या विद्यार्थ्याला हे गुण काम होताना दिसत, आणि उणिवाही दिसत: दांडा आखूड पडतो, ओल्या काळ्या रानात कोळप्याला माती चिकटते. ही नाराजी फार मोलाची होती, कारण सुधारणेची पुढची पायरी तिच्यातूनच सापडते. पुढे बऱ्याच ठिकाणी प्रात्यक्षिकाच्या तासाला अवजार घटकाभर हाताळायचे आणि अभिप्रायाच्या कागदावर ‘समाधानी’वर खूण करायची, एवढेच उरले. थकवा येण्याआधीच दिलेल्या त्या पसंतीला मी पुरावा मानत नाही.

मजूर मिळत नाहीत, मुलांना विळा धरायचा नाही, मग हातअवजारे शिकवायची कशाला, असे विचारले जाते. मजुरांची अडचण खरी आहे. पण राज्यातली सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, ती 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आली. एवढ्याशा रानात ड्रोन फवारणी करील, पण खुरपणी आणि भाजीची तोडणी बायकांच्याच हाताने होते. त्यांची उंची पुरुषांपेक्षा सरासरी दहा-बारा सेंटिमीटरने कमी असते, तरी दांडा आणि मूठ बहुधा पुरुषाच्याच मापाची. आज कृषी महाविद्यालयांत मुली मोठ्या संख्येने आहेत आणि ही चूक त्यांच्या हातांना चटकन कळेल. म्हणून अभिप्राय हंगामभराची खुरपणी उरकल्यावर, त्या शेतात राबणाऱ्या बाईला शेजारी बसवून घ्यावा. तिने दांड्याचे माप बदला म्हटले, तर ते बदलून अवजार पुन्हा त्याच रानात नेणे हा परीक्षेतल्या गुणांचा भाग असावा.