लहान मुलांसह जपानची सफर

दूरदेशीं जाण्याचा बेत ठरला कीं घरांत प्रथम नकाशा पसरला जातो, आणि बहुधा पहिली चूक तेथेंच होते. आमचेंहि असेंच झालें. बरोबर नऊ वर्षांचा मुलगा व चार वर्षांची मुलगी, हातीं अठरा दिवस, आणि यादींत शहरें मात्र आठ! नकाशावर तीं एकमेकांस खेटून दिसतात. परंतु मुक्काम हलविणें म्हणजे मुलांच्या झोपेची व भुकेची बसलेली घडी मोडणें होय. शिवाय प्रत्येक वेळीं अर्धा दिवस बांधाबांधींत जातो तो निराळाच. शेवटीं टोकियो, क्योटो, हिरोशिमा व ओसाका एवढींच ठेविलीं. नाराचीं हरिणें क्योटोहून जाऊन संध्याकाळीं परत येण्याइतकीं जवळ आहेत. त्यांसाठीं बिऱ्हाड हलविण्याचें कारण नाहीं.

काळाची निवड हा पुढचा प्रश्न. चेरीचा बहर मार्चअखेर व एप्रिलच्या आरंभीं असतो, तेव्हां आपल्याकडे परीक्षा. एप्रिलच्या शेवटीं जपानांत सुट्यांची मालिका लागते व गाड्या तुडुंब भरतात, जूनमध्यें पावसाळा. तेव्हां आपल्या शाळांस मे महिन्याचा मध्य हाच सोयीचा.

विमानानें टोकियोस उतरावें व ओसाकाहून परतावें, म्हणजे उलट प्रवास वांचतो. या दोन शहरांमध्यें १९६४ सालीं सुरू झालेली शिन्कान्सेन सुमारें ५१५ किलोमीटरांचें अंतर अडीच तासांत तोडते. सहा वर्षांखालील मुलास स्वतंत्र जागा न घेतल्यास भाडें पडत नाहीं. सहा ते अकरा वर्षांपर्यंत अर्धें. पण झोपलेलें मूल अडीच तास मांडीवर वागविणें ही काटकसर आम्हांस महाग वाटली, व धाकटीसाठींहि अर्धें तिकीट काढलें. गाड्यांसाठीं मिळणाऱ्या पासाचें मूल्य ऑक्टोबर २०२३ मध्यें फार वाढलें. म्हणून सुटीं तिकिटें मांडून पाहिल्यावांचून तो घेऊं नये. लांबी, रुंदी व उंची मिळून १६० सेंटिमीटरांहून मोठी पेटी असल्यास या गाडींत तिच्यासाठीं विशिष्ट जागा आधीं राखावी लागते. त्यापेक्षां सामान पोंचविणाऱ्या पेढीकडे ती सोंपवावी. बहुधा दुसऱ्या दिवशीं पुढच्या मुक्कामीं हजर असते.

तेथील घड्याळ आपल्यापेक्षां साडेतीन तास पुढें. तेथें सकाळचे सात, तेव्हां मुलांच्या अंगांत पहाटेचे साडेतीनच वाजलेले असतात. पहिल्या दोन सकाळीं कांहींच ठरवूं नये. शाकाहारी कुटुंबानें हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, तेथील भाज्यांच्या रश्शांतहि बहुधा सुक्या मासळीचा अर्क असतो. भात सर्वत्र मिळतो. आमच्या मेतकुटाच्या डब्यानें मोठी अब्रू राखली.

टोकियोंतील उएनो येथील प्राणिसंग्रहालय १८८२ चें आहे. युद्धकाळांत तेथील हत्ती नाहींसे झाले. पुढें जपानी मुलांनीं पत्रें लिहून मागणी केली, व १९४९ सालीं पंडित नेहरूंनीं ‘इंदिरा’ ही हत्तीण पाठविली. ती १९८३ पर्यंत तेथें होती. ही हकीकत मुलांस निघण्यापूर्वींच सांगितली होती, म्हणून तेथें त्यांस परकें वाटलें नाहीं.

खरी अडचण हिरोशिमाची. ६ ऑगस्ट १९४५ च्या संहाराचें तेथील संग्रहालय मुलांस दाखवावें काय, यावर घरांत दोन दिवस वाद झाला. अखेर वयाप्रमाणें वांटणी केली. एकानें थोरल्यास आंत नेलें. दुसरें धाकटीसह उद्यानांत सादाको सासाकीच्या स्मरणार्थ १९५८ सालीं उभारलेल्या स्मारकापाशीं, कागदी बगळ्यांच्या माळा पाहत थांबलें. थोरला बाहेर आला तो बराच वेळ बोलला नाहीं. मग बहिणीच्या हातांतला चुरगळलेला कागद घेऊन त्याची घडी तो पुनःपुन्हां घालूं लागला. त्या दुपारचे ठरलेले सर्व बेत आम्हीं सोडून दिले व नदीकांठीं बसून राहिलों.