एका इमारतीतल्या तीन शाळा

मुंबई महापालिकेच्या शाळांबद्दल वस्तीत जी मतं ऐकू येतात, ती बहुधा इमारतीबद्दलची असतात. पण पालिका आठ भाषांतून शिकवते आणि एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू किंवा इंग्रजी माध्यमाच्या वेगवेगळ्या शाळा सकाळ-दुपारच्या सत्रांत भरतात. प्रत्येकीचा पट वेगळा, शिक्षक वेगळे. त्यामुळे नवा रंग आणि नवी बाकं पाहून तिथल्या सगळ्याच शाळा चांगल्या ठरवणं, किंवा पडक्या भिंतीवरून सगळ्यांना नावं ठेवणं, दोन्ही चूक. मुंबई पब्लिक स्कूल या नावाने सुरू झालेल्या सीबीएसई शाळांबद्दलही असं वरवरचं मत बनवणं चूक. तिथे सोडतीने प्रवेश मिळतो हे खरं, पण सोडतीत नाव तेच पालक घालतात ज्यांना अर्जाची माहिती असते आणि कागदपत्रं जमवता येतात. तिथल्या आणि शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांच्या गुणांतला फरक सगळाच शिकवण्यातला मानता येत नाही.

‘निदान दहावीचा निकाल तरी खोटं बोलत नाही,’ असं यावर म्हटलं जातं. निकाल खोटा नसतोच, पण तो किती मुलांचा आहे हे फाटकावरच्या फलकावर लिहिलेलं नसतं. समजा, एका शाळेत नववीला ४० मुलं होती, परीक्षेला ३० बसली आणि सगळी पास झाली. निकाल १०० टक्के. दुसऱ्या शाळेत ४० पैकी ३८ बसली, ३४ पास झाली. निकाल ८९ टक्के. नववीपासून मोजलं तर पहिल्या शाळेचे ७५ टक्के होतात आणि दुसऱ्या शाळेचे ८५. काही मुलं घर बदलल्यामुळे जातात, तो दोष शाळेचा नव्हे. पण कच्च्या मुलाला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितलं असेल, तर ती गळतीच आहे. म्हणून कोण गेलं आणि का, हे विचारलंच पाहिजे. शिवाय पालिकेच्या माध्यमिक शाळा प्राथमिकच्या मानाने फारच कमी आहेत. आपली शाळा सातवी-आठवीला संपत असेल, तर पुढे मुलं कुठे जातात हा प्रश्न निकालाआधीचा आहे.

शिक्षकांच्या आकड्याचंही तसंच. शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. कागदावर हे प्रमाण जुळलं, तरी जनगणना आणि निवडणुकीची कामं शिक्षकांना देण्याची मुभा त्याच कायद्यात आहे. तेव्हा आज वर्गावर किती जण आहेत ते पाहावं. कामावर जाणाऱ्या आईबापांना एवढ्या चौकशीला वेळ कुठला, ही अडचण खरी आहे. पण कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. शेजारची एखादी आई त्या समितीवर असेल, तर नववीचा पट तिला मागता येतो.