जुन्या बाजारात नजर हेच भांडवल

जुन्या बाजारात एकाच पितळी समईचे तीन भाव असतात. पहिला भाव मोडीचा. त्यात घडणीला मोल नसते, केवळ धातूचे वजन मोजले जाते. दुसरा भाव वापराचा. समई सरळ उभी राहते का, तेल गळते का, एवढे पाहून तो ठरतो. तिसरा भाव संग्रहाचा. त्यात घडण, वय, प्रदेश आणि दुर्मीळता यांचा हिशेब असतो. या तीन भावांमधील अंतरावरच जुन्या बाजाराचा सारा व्यवहार उभा आहे. ज्याला वस्तू कळते, तो ती मोडीच्या भावात उचलतो. ज्याला कळत नाही, तो गेल्या महिन्यात घडवलेली वस्तू 'आजोबांच्या काळातली' म्हणून संग्रहाच्या भावात घरी नेतो.

वस्तू येतात कोठून?

अमेरिकेत घरातील वडीलधाऱ्यांच्या निधनानंतर संपूर्ण घर खुले करून प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावण्याची आणि दोन-तीन दिवसांत सारे विकून टाकण्याची पद्धत आहे. तिला 'इस्टेट सेल' म्हणतात. नकोशा वस्तू धर्मादाय संस्थांच्या दुकानांना देण्याचीही रीत तेथे रुजलेली आहे. महाराष्ट्रात या वस्तूंचा प्रवास वेगळ्या वाटेने होतो. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आणि हातगाडी घेऊन फिरणारा भंगारवाला हे त्या वाटेवरचे पहिले दोन थांबे. वाडा पाडून इमारत उभी राहते किंवा जुन्या इमारतीचा पुनर्विकास होतो, तेव्हा पाणी तापवायचा बंब, घंगाळ, शिसवी कपाट, लामणदिवे यांना नव्या सदनिकेत जागा उरत नाही. मुले परदेशी स्थायिक झाली असतील, तर अख्ख्या घरातील सामान एकाच व्यापाऱ्याला ठोक किमतीला दिले जाते. तो लाकूडसामान एकाला, भांडी दुसऱ्याला, कागदपत्रे रद्दीवाल्याला विकतो. प्रत्येक हातबदलात किंमत चढते. म्हणूनच मुरलेला संग्राहक सजवलेल्या दुकानापेक्षा या साखळीच्या पहिल्या कडीजवळ उभा राहणे पसंत करतो.

मुंबईत ही साखळी चोरबाजारात येऊन मिळते. भेंडीबाजारालगतच्या मटण स्ट्रीटवरील दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर फुटकळ विक्रेते माल मांडतात. गोंगाटामुळे मूळ नाव 'शोरबाजार' होते व इंग्रजांच्या उच्चारात त्याचे 'चोरबाजार' झाले, अशी आख्यायिका आहे. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरणारा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखला जातो. लोखंडी अवजारांपासून नाण्यांपर्यंत सर्व काही तेथे एकाच चादरीवर सापडते. ही सरमिसळच जाणकाराच्या पथ्यावर पडते.

नजरेचा धडा

निव्वळ नजरेच्या बळावर काय उभे राहू शकते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवण्यास आरंभ केला. त्यांनी सोन्या-रुप्याचा पाठलाग केला नाही. अडकित्ते, पानदाने, दिवे, दौती, कुलपे, वाद्ये अशा ज्या वस्तू घराघरांतून मोडीत निघत होत्या, त्या त्यांनी गोळा केल्या. १९६२ मध्ये हा संग्रह त्यांनी राज्य सरकारच्या स्वाधीन केला. अकाली गेलेल्या मुलाच्या स्मृतीप्रीत्यर्थ त्याचे नाव 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' असे आहे. नवशिक्या संग्राहकाने बाजारात जाण्यापूर्वी येथे एक दिवस घालवावा. शंभर अस्सल अडकित्ते एकत्र पाहिलेल्या डोळ्याला एकशे एकावा नकली अडकित्ता खटकतोच.

खऱ्या-खोट्याची पारख

जुन्या बाजारात नकली माल मुबलक असतो आणि तो ओळखण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. खिशात एक भिंग, एक लोहचुंबक, छोटा वजनकाटा आणि विजेरी असली, तरी बरेचसे काम भागते.

नाण्यांपासून सुरुवात करता येते. एका बाजूला हनुमान किंवा रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ सारखे साल असलेली नाणी सर्रास 'दुर्मीळ' म्हणून विकली जातात. कंपनीने असे नाणे कधीही चलनात आणले नव्हते. खऱ्या नाण्यांना वजनाची शिस्त असते. १८३५ ते १९३९ या काळातील ब्रिटिश भारताचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असून त्यात सुमारे ९२ टक्के चांदी असे. झिजलेला रुपया किंचित हलका भरेल, मात्र जड भरणार नाही. १९४० पासून चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. तो लोहचुंबकाला चिकटतो. चांदीचा रुपया चिकटला, तर तेथूनच माघारी फिरावे.

पितळ-तांब्याच्या वस्तूंवर जुनेपणाचा हिरवट-काळा थर आम्ल आणि मिठाच्या साहाय्याने काही दिवसांत चढवता येतो. वर्षानुवर्षांचा थर धातूशी एकजीव झालेला असतो, तर नकली थर ओल्या फडक्याने पुसला जातो. झीज कोठे आहे, हेही पाहावे. तांब्या गळ्याशी आणि बुडाशी झिजतो, अडकित्ता खिळ्यापाशी. सर्वत्र सारखीच झीज दिसली, तर ती वापराने नव्हे, कानशीने आलेली असते. भांड्यावरील ठोक्यांच्या खुणा मात्र वयाचा पुरावा ठरत नाहीत, कारण पुण्याच्या तांबट आळीत हे हातकाम अद्यापही चालते.

जुन्या लाकूडसामानात खण बाहेर काढून त्याची मागची आणि खालची बाजू पाहावी. दर्शनी भागाला रंगरोगण करणारा कारागीर तेथे सहसा हात फिरवत नाही. किड्यांची भोके वेडीवाकडी जातात. सुई सरळ आत गेली, तर ते भोक यंत्राचे समजावे.

छापील चित्रांना भिंग लावावे. राजा रवी वर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. तेथे दगडावरून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांतील रंगाचे कण भिंगाखाली अनियमित दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके ओळीने मांडलेले असतात. 'मदर इंडिया' (१९५७) किंवा 'शोले' (१९७५) यांची मूळ भित्तिपत्रके चित्रपटगृहांना घड्या घालून पाठवली जात. नव्या प्रतींत घडीच्या रेषाही छापलेल्या असतात. बोट फिरवल्यावर रेष जाणवली नाही, तर काय समजायचे ते उघड आहे.

सर्वाधिक फसवणूक ग्रामोफोन आणि घड्याळांत होते. झगमगता पितळी कर्णा, नवीन लाकडाची पेटी आणि कुत्र्याचे चित्र यांची जुळवाजुळव करून ग्रामोफोन बनवले जातात. घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून आत दुसऱ्याच कंपनीचे यंत्र बसवलेले असते. बंगळुरूला १९६१ मध्ये सुरू झालेला 'एचएमटी'चा घड्याळनिर्मिती व्यवसाय बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्यानंतर या घड्याळांना संग्राहकांची मागणी वाढली आणि जुळवलेला मालही वाढला. मागचे झाकण उघडून दाखवण्यास विक्रेत्याने नकार दिला, तर सौदा तेथेच थांबवावा.

अस्सल वस्तू हाती लागल्यावर होणारी मोठी चूक म्हणजे तिला घासूनपुसून चकचकीत करणे. काळाने चढवलेला थर हाच वस्तूच्या वयाचा दाखला असतो. तो घालवला की तिसऱ्या भावाची वस्तू पुन्हा दुसऱ्या भावावर येते.

कायद्याची चौकट

स्वस्त मिळाले म्हणून घेतलेली वस्तू अडचणीतही आणू शकते. पुरावस्तू आणि कलाठेवा अधिनियम, १९७२ हा कायदा एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 'पुरावस्तू' ठरू शकते. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, मूर्ती व चित्रांसारख्या अधिसूचित प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातील मुलांसाठी पणजीचा लामणदिवा सामानात घालणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. काळ पुढे सरकतो तशा दरवर्षी आणखी काही वस्तू या व्याख्येत येतात. हस्तिदंत आणि वाघ-बिबट्याची कातडी यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. वस्तू कितीही जुनी असली, तरी पळवाट नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हा आहे. मंदिरातील वाटावी अशी मूर्ती कोणी आडोशाला नेऊन दाखवू लागला, तर तेथे थांबू नये.

देणाऱ्याचीही जबाबदारी

या बाजारात जो लाभ घेणाऱ्याला होतो, तो बहुधा देणाऱ्याच्या अज्ञानातून आलेला असतो. बंब किलोवर जातो, आजोबांची रोजनिशी रद्दीत जाते आणि मोडी लिपीतील कागद वाचता येत नाहीत म्हणून बंबाआधीच बाहेर पडतात. घर रिकामे करताना घाई न करता वस्तूंची छायाचित्रे काढावीत, वडीलधाऱ्यांकडून त्यांची हकिगत लिहून घ्यावी आणि जाणकाराला एकदा दाखवावे. हकिगत जोडलेली वस्तू बाजारातही अधिक किमतीची ठरते आणि विकावी की ठेवावी, हा निर्णयही मग डोळसपणे घेता येतो. एकदा भट्टीत वितळलेल्या समईला मात्र चौथा भाव उरत नाही.