सगळी रीत बदलू नका, एकच पायरी बदला : लिनक्ससाठी डेब पॅकेज बनवताना

या आठवड्याचा व्हिडिओ पाहायचा राहिला असेल तरी हरकत नाही, मुद्दा इथे पूर्ण सांगते.

समजा, तुम्ही बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर बनवलंय आणि डेबियन किंवा उबंटू वापरणाऱ्या दुकानदारांना ते विकायचंय. प्रत्येकाकडे पेन ड्राइव्ह घेऊन जायचं आणि फाइली कॉपी करायच्या, हे पहिल्या पाच गिऱ्हाइकांपर्यंत जमेल. पन्नास झाली की प्रत्येक नव्या आवृत्तीला पन्नास चकरा. त्या पेट्रोलचे पैसे कोण देणार? म्हणून डेब पॅकेज बनवायचं. एक फाइल, एक कमांड, सॉफ्टवेअर जागेवर.

तीन ओळींत चालणारी साखळी

तुमच्या सोर्सच्या आत 'डेबियन' नावाचं फोल्डर लागतं. त्यातली 'कंट्रोल' फाइल म्हणजे पॅकेजची ओळख, 'चेंजलॉग' म्हणजे आवृत्त्यांची नोंदवही, आणि 'रूल्स' म्हणजे पॅकेज कसं बांधायचं याची कृती.

ही कृती पूर्वी पायरी-पायरीने हाताने लिहावी लागायची. २००८ मध्ये डेबहेल्परच्या सातव्या आवृत्तीत 'डीएच' ही कमांड आली आणि रूल्स फाइल तीन ओळींवर आली. डीएच तुमचा सोर्स बघून ओळखते की इथे सीमेक आहे, मेसन आहे की साधी मेकफाइल. मग क्रमाने कामं होतात : कॉन्फिगर, बिल्ड, टेस्ट, इन्स्टॉल आणि शेवटी डेब फाइल तयार.

दुकानात दिवाळीचे फराळाचे बॉक्स भरताना कसं असतं? खोका, कागद, चिवडा, लाडू, वजन, शिक्का. एखाद्याने शिक्क्याऐवजी कंपनीचं स्टिकर मागितलं, तर आपण फक्त शेवटचा माणूस बदलतो. सगळी रांग नव्याने मांडत नाही. इथेही तेच करायचं.

पायरी बदलायची कशी?

डीएचच्या प्रत्येक पायरीला नाव असतं, उदाहरणार्थ 'डीएच_ऑटो_टेस्ट'. (वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितेय, फाइलमध्ये इंग्रजी लहान अक्षरंच हवीत.) नावाच्या आधी 'ओव्हरराइड_' जोडून रूल्समध्ये नियम लिहिला, की त्या पायरीच्या जागी तुमचं काम चालतं. बाकीची रांग तशीच राहते.

नेहमी लागणाऱ्या तीन गोष्टी बघू.

एक, कॉन्फिगरला जास्तीचा पर्याय द्यायचाय. ओव्हरराइडमध्ये मूळ 'डीएच_ऑटो_कॉन्फिगर' पुन्हा बोलवा, पुढे सुट्या दोन आडव्या रेघा द्या आणि मग तुमचा पर्याय लिहा. नेहमीचे पर्याय डीएच स्वतः देते, तुमचा त्यात भर पडतो.

दोन, टेस्ट अडतेय. एका टेस्टला बिलाचा प्रिंटर जोडलेला लागतो, पण पॅकेज बांधताना तो नसतो. ओव्हरराइड रिकामा ठेवला तर सगळ्याच टेस्ट बंद होतात आणि पॅकेज झटकन बनतं. मोह इथेच होतो. पण त्याच टेस्टमध्ये जीएसटीचा हिशोब आणि पैशांचं राउंडिंग तपासलं जात असेल तर? चुकीचं बिल गिऱ्हाइकाच्या काउंटरवर निघेल आणि फोन तुम्हाला येईल. म्हणून प्रिंटरची टेस्ट वेगळी काढा आणि ओव्हरराइडमध्ये बाकीच्या चालवा.

तीन, एखादी फाइल जास्तीची टाकायचीय. मेनूतला आयकॉन, नमुना बिल वगैरे. याला ओव्हरराइड लागतच नाही. 'डेबियन' फोल्डरमध्ये 'इन्स्टॉल' नावाची फाइल करून कुठली फाइल कुठे जाणार ते एका ओळीत लिहा. तेवढ्याने भागलं नाही, तर 'एक्झिक्यूट_आफ्टर_' किंवा 'एक्झिक्यूट_बिफोर_' वापरा. मूळ पायरी जशीच्या तशी चालते, तुमचं काम तिच्या नंतर किंवा आधी होतं. यासाठी कम्पॅट लेव्हल १० किंवा वरची लागते. नवीन सुरुवात करताय तर १३ ठेवा.

फसायच्या जागा

ओव्हरराइड म्हणजे भर नाही, बदली. इन्स्टॉलची पायरी ओव्हरराइड करून आत फक्त आयकॉन कॉपी केलात आणि मूळ कमांड बोलवायची राहिली, तर पॅकेजमध्ये आयकॉन असेल, सॉफ्टवेअर नसेल. लाल अक्षरांत एरर येईलच असं नाही. म्हणून पॅकेज पाठवण्याआधी 'डीपीकेजी'ला '-सी' पर्याय देऊन आतल्या फाइलींची यादी वाचा. माल पाठवण्याआधी आपण बॉक्स उघडून बघतोच की!

दुसरं, नियमाखालच्या ओळी टॅबने सुरू होतात, स्पेसने नाही. दिसायला सारखं दिसतं, पण बिल्ड तिथेच थांबतो.

तिसरं, गिऱ्हाइकाचा डेटा. 'ईटीसी'मध्ये जाणाऱ्या सेटिंगच्या फाइली डेबहेल्पर आपोआप वेगळ्या नोंदवतो, त्यामुळे अपडेट करताना गिऱ्हाइकाने केलेले बदल त्याला न विचारता पुसले जात नाहीत. बिलांचा डेटाबेस मात्र पॅकेजच्या आत कधीच ठेवू नका. सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालेल तेव्हा तो 'व्हार'मधल्या 'लिब'खाली तयार होऊ दे. अपडेटमध्ये एखाद्याची वर्षभराची बिलं गेली, तर ते गिऱ्हाईक परत येणार नाही.

या आठवड्याचा अभ्यास

आधी तीन ओळींच्या रूल्सनेच पॅकेज बनवा. मग 'डीएच बायनरी'ला 'नो-ॲक्ट' पर्याय देऊन चालवा. काहीही न करता ती सगळ्या पायऱ्यांची यादी दाखवते. ती वहीत उतरवा आणि तुम्हाला खरोखर वेगळी हवी त्याच पायरीवर खूण करा. प्रत्येक ओव्हरराइडच्या वर तो का केला हे एका ओळीत लिहा. उद्या कामाला मुलगा ठेवलात तर दहा-बारा ओळी वाचून तो पुढची आवृत्ती काढू शकेल. तुम्ही गावाला गेलात तरी काम अडणार नाही.

यादीत खुणा किती झाल्या ते मला जरूर कळवा. चारपेक्षा जास्त असतील तर पुन्हा एकदा बघा, त्यातल्या एक-दोन नुसत्या 'इन्स्टॉल' फाइलने सुटतील.